गीझर बसवताय? वाढलेलं पाणी कुठं जाणार ते आधी ठरवा

पाणी तापलं की वाढतं, हे आपण सातवी-आठवीतच शिकलेलो असतो. पण गीझर टांगायच्या दिवशी ते कुणाला आठवत नाही. ड्रिल कुठं मारायचं, टाइल फुटणार नाही ना, सोळा अँपिअरचा सॉकेट कुठं घ्यायचा, यावर अर्धा तास चर्चा होते. तापून वाढलेलं पाणी जाणार कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. मग चार दिवसांनी खालच्या व्हॉल्व्हमधून ठिबक सुरू होते आणि घरात एकच सूर लागतो: "नवा गीझर आणला आणि तो पण गळका निघाला."

बंबाच्या काळात ही भानगड नव्हती. बंबाचं तोंड वरून उघडं. पाणी वाढलं तर वर चढायचं, वाफ झाली तर हवेत जायची. आज ओट्याजवळ किंवा बेसिनवर जो १० किंवा १५ लिटरचा गीझर लावतो, तो चारी बाजूंनी बंद असतो आणि नळ सोडेपर्यंत आतलं पाणी आतच कोंडलेलं राहतं. तांबड्या-पांढऱ्याची पातेली घासायला गरम पाणी लागतंच, त्यामुळे आता न्हाणीघराबरोबर स्वयंपाकघरातही छोटा गीझर आला आहे. दवाखान्यातल्या बेसिनवर, खानावळीच्या मोरीवरही दिसतो. हा लेख या छोट्या, बंद गीझरांसाठी आहे.

आधी आकडे

पाण्याचं वाढणं एकसारखं नसतं. २० अंशांवरून ४० वर नेलं तर ते साधारण ०.६ टक्के वाढतं. ४० वरून ६० वर नेताना ०.९ टक्के, आणि ६० वरून ८० वर नेताना जवळपास १.२ टक्के. म्हणजे जितकं जास्त तापवाल तितकं प्रत्येक अंशाला जास्त वाढणार.

आता हे घरच्या मापात बघू. टाकीतलं पाणी २५ अंशांचं धरा. १५ लिटरचा गीझर ६० अंशांपर्यंत तापवला तर सुमारे २१० मिलिलिटर पाणी जास्तीचं होतं, म्हणजे एक पेला भरून. तोच गीझर नॉब शेवटपर्यंत फिरवून ७५ वर नेला तर सुमारे ३४० मिलिलिटर. १० लिटरच्या गीझरला हेच आकडे १४० आणि २२५ च्या आसपास येतात. ३ लिटरचा इन्स्टंट असेल तर ४० ते ७०. २५ लिटरवाल्यांनी साडेतीनशेपासून पावणेसहाशेपर्यंत धरून चालावं. थंडीत टाकीतलं पाणी आणखी गार असतं, तेव्हा आकडा थोडा वर सरकतो.

यातून फुकटात मिळणारी गोष्ट एकच: नॉब ७५ वरून ६० वर आणा. वाढणारं पाणी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कमी होतं, वीजही वाचते आणि आतल्या नळ्यांवर क्षार कमी बसतो. ६० च्या फार खाली मात्र नेऊ नका. कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

पेलाभर पाण्यानं काय होतंय, असं वाटेल. पण पाणी जवळपास दाबलंच जात नाही. पूर्ण भरलेल्या, अजिबात न ताणणाऱ्या भांड्यात एक टक्का जास्तीचं पाणी कोंबायचं म्हटलं तर दोनशे बारच्या वर दाब लागेल (बार हे दाबाचं माप). गीझरच्या पाटीवर ०.८ एमपीए (मेगापास्कल) असं छापलेलं असतं, म्हणजे ८ बार. काही इन्स्टंट गीझरांवर ०.६५ असतं, म्हणजे साडेसहा. हा हिशोब बघितला की त्या पेलाभर पाण्याला वाट का द्यावी लागते ते कळतं.

दाब कुठून येतो ते बघा

इंटरनेटवर इंग्रजीत या विषयावर भरपूर व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेचसे ब्रिटनचे. तिथं १५ लिटरपर्यंतच्या बंद गीझरला मोठ्या गीझरांचे कडक नियम लागत नाहीत. मेन लाइनमध्ये कुठं उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नसेल आणि गीझरच्या मागं पुरेशी लांब नळी असेल, तर वाढलेलं पाणी त्या थंड नळीतच मागं सरकू देतात. सल्ला बरोबर आहे, पण तो चोवीस तास भरलेल्या मेन लाइनचा. आपल्याकडं महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी येतं, खालच्या टाकीत पडतं, मोटरनं गच्चीवर चढतं आणि तिथून घरात उतरतं. शिवाय गळती निघाली की दोन दिवस पाणी नाही. तेव्हा त्यांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

कोल्हापुरातल्या घरांत मला साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला, गच्चीवरची टाकी आणि सरळ उतार. टाकीच्या पातळीपासून गीझरपर्यंत जितके मीटर उंची, त्याला दहानं भागा, तितके बार दाब. रुईकर कॉलनीतल्या दुमजली बंगल्यात खालच्या मजल्यावर सहा मीटर उंची मिळाली तर ०.६ बार. अकरा मजली इमारतीत तळाला तीन बारच्या वर.

दुसरा, टाकी आहे पण दाब कमी म्हणून प्रेशर पंप बसवलाय. शॉवरची हौस भागवायला हल्ली हे फार झालंय. इथं दाब पंपावर अवलंबून, बहुतेक वेळा दोन ते तीन बार.

तिसरा, जुन्या पेठांतली तळमजल्याची घरं, जिथं गीझर थेट महापालिकेच्या नळाला जोडलेला असतो. हे शक्य असेल तर टाळाच. पाणी गेलं की लाइन रिकामी होते आणि गीझरमधलं पाणी उलटं ओढलं जातं. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी आतली कॉइल, कोरडं पडलं आणि बटण चालू राहिलं तर ते जळणार. शिवाय पाणी येताना लाइनीत कोंडलेल्या हवेचे धक्के बसतात ते वेगळेच.

चौथा, गच्चीवर सोलर आणि त्याच्या गरम लाइनीवर मदतीला गीझर. त्यावर पुढं स्वतंत्र लिहितो.

दाब अंदाजानं धरू नका, मोजा. अर्धा इंची चुडीचा प्रेशर गेज उद्यमनगरात पंपाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. ० ते १० बारचा घ्या. बेसिनखालच्या अँगल कॉकची कनेक्शन नळी काढून तिथं लावायचा, कॉक उघडायचा, आकडा वाचायचा. पंप असेल तर पंप चालू होताना आणि बंद पडताना असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. पुढं त्यांचं काम आहे.

लपलेले एनआरव्ही

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारा. वाढलेल्या पाण्याची मागची वाट हाच अडवतो, आणि तो घरात कुठं कुठं आहे हे घरमालकाला सहसा माहीत नसतं. गीझरबरोबर डब्यात जो पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह येतो (दाब मर्यादेपर्यंत चढला की पाणी बाहेर सोडणारा), त्याच्या पोटातच बहुधा एनआरव्ही असतो. प्रेशर पंपाच्या पुढं असतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह बसवला असेल तर त्यातूनही पाणी मागं जात नाही. काही ठिकाणी क्षार काढणाऱ्या फिल्टरच्या आतही एक दडलेला असतो.

म्हणून नकाशा काढत बसण्यापेक्षा सोपी चाचणी करा. गीझर आधीच लावलेला असेल तर गेज गरम पाण्याच्या अँगल कॉकवर लावा, म्हणजे तो गीझरच्या बाजूला येतो. सगळे गरम नळ बंद, गीझर चालू. काटा दोनवर होता आणि दहा मिनिटांत चार, पाच, सहा असा चढत गेला, तर लाइन बंद आहे, म्हणजे वाढलेल्या पाण्याला मागं जायला वाट नाही. काटा जागचा हलला नाही तर पाणी कुठूनतरी मागं जातंय. ते कुठून जातंय हेही बघा. हँड शॉवरच्या मिक्सरवर गरम-थंड दोन्ही नॉब उघडे आणि पाणी फक्त हातातल्या खटक्यानं बंद, अशी सवय असेल तर गरम पाणी मिक्सरमधून थंड लाइनीत घुसतं. मग शेजारच्या थंड नळाला कोमट पाणी येतं आणि सगळं खापर गीझरवर फुटतं.

वाट कुठली द्यायची

वाटा तीन आहेत: वर उघडी नळी, ठिबक, किंवा एक्स्पान्शन टाकी.

स्वतःचा बंगला, पंप नाही, फक्त गच्चीवरची टाकी, तर माझं मत ठाम आहे: व्हेंट पाइप काढा. गीझरच्या गरम बाजूला टी (तीन तोंडांचा जोड) घालून एक नळी सरळ गच्चीवर न्यायची, टाकीच्या वर उघडी ठेवायची, टोक खाली वाकवायचं. वाढलेलं पाणी त्या नळीत चढतं, गीझरला जादा दाब सोसावाच लागत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हमधला एनआरव्ही जागेवर राहतो, त्यामुळे टाकी रिकामी झाली तरी गीझर रिकामा होत नाही. ही नळी टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा किती वर न्यायची? गरम पाणी हलकं असतं, त्यामुळे नळीत ते थंड टाकीपेक्षा वर उभं राहतं. सहा मीटर उंचीला हा फरक १४-१५ सेंटिमीटरपर्यंत जातो. पातळीच्या दीड-दोन फूट वर नेली की काळजी नाही. या नळीवर कुठंही व्हॉल्व्ह, कॉक, काहीही लावायचं नाही. "जरा थेंब पडतात" म्हणून कुणीतरी टोकाला टोपण घालतं. ते घालू देऊ नका.

फ्लॅटमध्ये व्हेंट जमत नाही, आणि प्रेशर पंप असेल तर मुळीच चालत नाही. पंप सुरू झाला की गच्चीवर कारंजं.

ठिबक ही दुसरी वाट. ३ किंवा ६ लिटरच्या इन्स्टंटला मी एवढंच सांगेन: व्हॉल्व्ह ठिबकू दे, फक्त ते पाणी नीट मोरीत जाऊ दे. युरोपात साठवणीच्या गीझरांचे व्हॉल्व्ह तापताना ठिबकतात, ते कामाचा भाग म्हणूनच धरतात. पण १५ लिटर किंवा वर असेल, दिवसातून चारदा तापत असेल आणि लाइन बंद असेल, तर प्रत्येक खेपेला गीझरची आतली टाकी ०.६ किंवा २ बारवरून थेट व्हॉल्व्हच्या मर्यादेपर्यंत ताणली जाते. रोज ताणून-सैल होऊन आतलं काचेचं कोटिंग आणि सांधे थकतात. व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार बसतो आणि मग तो गार असतानाही ठिबकायला लागतो. अशा घरात तिसरी वाट बरी.

एक्स्पान्शन टाकी

दिसायला छोटा फुगीर डबा. आत रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी वाढलं की हवा दबते, नळ सोडला की परत ढकलते. पिण्याच्या पाण्याला चालणारा, गरम पाण्याच्या दाबाचा डबा मागा. आरओ फिल्टरची टाकी लावून बघू का, असं बरेच जण विचारतात. लावू नका. ती या कामासाठी बनवलेली नसते.

माप असं काढा. वाढणारं पाणी समजा ३४० मिलिलिटर. पंपाचा बंद पडायचा दाब २ बार. गीझर ८ बारचा असला तरी वर ६ बारच्या पुढं जायचं नाही असं ठरवू. दोन्ही आकड्यांत हवेचा १ बार मिळवा: ३ आणि ७. तीनला सातनं भागा, एकातून वजा करा, ०.५७ येतात. ३४० ला ०.५७ नं भागलं की सुमारे ६०० मिलिलिटर. म्हणजे एक लिटरचा डबा पुरतो, दोन लिटरचा घेतला तर ऐसपैस. पंप ३ बारचा असेल तर हाच हिशोब ८०० मिलिलिटरपर्यंत जातो, तरी दोन लिटरमध्ये बसतो. २५ लिटरच्या गीझरला पाचचा घ्या.

डब्यातल्या हवेचा दाब ही खरी मेख. कंपनीतून तो काही एका दाबानं भरून येतो आणि तो तुमच्या घरच्या दाबाशी जुळेलच असं नाही. हवा कमी असेल तर पंपाचं थंड पाणीच डबा अर्धा भरून टाकतं आणि वाढलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. हवा जास्त असेल तर डबा उशिरा काम सुरू करतो. म्हणून लाइनीच्या दाबाइतकीच हवा ठेवायची, आणि ती डबा लाइनीला जोडण्याआधी, पाण्याचा दाब नसताना मोजायची. डब्याच्या बुडाशी टोपणाखाली मोटारीच्या ट्यूबसारखाच व्हॉल्व्ह असतो. पंक्चरवाल्याकडचा गेज आणि पायपंप त्याला बसतो. पंक्चरवाल्याचा गेज पीएसआयमध्ये असतो: १ बार म्हणजे साडेचौदा, २ बार म्हणजे २९, ३ बार म्हणजे साडेत्रेचाळीस.

डबा थंड बाजूला लावायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये. व्हॉल्व्हच्या अलीकडं, पंपाच्या बाजूला लावला तर मध्ये एनआरव्ही येतो आणि डबा नुसता शोभेला राहतो. मी हे चांगल्या सोसायटीतल्या, महागडी टाइल लावलेल्या न्हाणीघरात पाहिलंय: डबा चकचकीत, बाजूला व्हॉल्व्ह ठिबकतोय.

जोडणीचा क्रम

लाइनीकडून गीझरकडं येताना क्रम असा: बंद करायचा कॉक, मग गाळणी, मग दाब फार असेल तरच रेग्युलेटर, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, मग पितळी टी आणि तिच्यावर डबा, मग गीझरची निळी रिंगवाली नळी. लाल रिंग गरम पाण्याची. सेफ्टी व्हॉल्व्हवर बाण कोरलेला असतो, तो गीझरकडं. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मध्ये कॉक किंवा बॉल व्हॉल्व्ह कधीही नको. कुणी तो चुकून बंद केला तर गीझरला दाब सोडायला जागाच राहणार नाही. डब्याचं वजन टीवर टाकू नका, भिंतीला क्लॅम्प मारा. पुढं कधी काढायची वेळ येते, म्हणून युनियन (नळी न कापता उघडता येणारा जोड) घालून ठेवा.

नळीबद्दल एक गोष्ट बहुतेक मिस्त्री सांगत नाहीत. जिथं पाणी थंड लाइनीत मागं सरकतं, तिथं ते गरम असतं. अर्धा इंची सीपीव्हीसी नळीत मीटरला साधारण १२० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत अडीचशे. म्हणजे १५ लिटरच्या गीझरचं वाढलेलं पाणी अर्धा इंची नळीत दोन-तीन मीटर मागं जाऊ शकतं. तेवढ्या अंतरात थंड बाजूलाही थंड पाण्याची साधी यूपीव्हीसी प्लास्टिक नळी नको, ती गरम पाण्यानं मऊ पडते. गरम पाणी सोसणारी सीपीव्हीसी किंवा पीपीआर ठेवा. आणि तेवढ्या अंतरात दुसऱ्या नळाचा फाटा काढू नका, नाहीतर पिण्याच्या नळाला कोमट पाणी येईल.

ओट्याखाली गीझर लावणाऱ्यांसाठी आणखी एक. आपल्याकडचे साधे गीझर नळ्या खाली ठेवून टांगायचे असतात. ओट्याखाली सोयीचं पडतं म्हणून उलटा करून नळ्या वर घेऊ नका. आतली गरम पाण्याची नळी वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. गीझर उलटा केला की ती तळाला येते, हवा एलिमेंटच्या बाजूला अडकते आणि एलिमेंट कोरडं तापतं. ओट्याखाली लावायचा असेल तर त्यासाठीच बनवलेला, वर नळ्या असलेला गीझर विकत घ्या.

विजेचं थोडक्यात: २ किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर ओढतो. सोळाचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की पडणारा खटका), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) आणि खरंखुरं अर्थिंग. यात तडजोड नाही.

ठिबक नळी

डबा लावला तरी ही नळी हवीच, कारण डब्याची हवा कधीतरी कमी होणार. सेफ्टी व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडाला नळी लावून ती सतत उताराने न्यायची. मध्ये झोळ नको, झोळात पाणी साचतं. टोक मोरीच्या जाळीवर किंवा बेसिनच्या सांडपाणी नळीत सोडताना मध्ये एक नरसाळं ठेवा आणि नळीचं टोक त्याच्या दोन बोटं वर. म्हणजे ठिबक डोळ्यांना दिसते आणि सांडपाणी उलटं शोषलं जात नाही. टोक सॉकेटच्या वर नको, गॅलरीतून खाली चालणाऱ्यांच्या डोक्यावर नको. पाणी ६०-७० अंशांचं असू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या ब्लॉकमध्ये ठिबक बंद करायला कुणाला तरी बोलावलं होतं. त्यानं व्हॉल्व्हच्या तोंडात टेफ्लॉन गुंडाळून डमी प्लग आवळला होता. टेफ्लॉनचे पांढरे धागे बाहेर लोंबत होते आणि काकू म्हणाल्या, "बघा, आता थेंब पण येत नाही." ठिबक थांबली खरी, पण हे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह लोखंडानं बुजवण्यासारखं आहे. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट चांगला असेपर्यंत काही होत नाही. तो अडकला आणि पाणी तापत राहिलं, की ३ बार दाबाखाली पाणी १४० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, ८ बारला १७५ अंशांपर्यंत. मग टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरांहून जास्त जागा मागते. गीझरमध्ये कटआउट आणि वितळणारा प्लग अशा आणखी पायऱ्या असतात, पण त्यांच्या भरवशावर पहिली पायरी बुजवायची नसते.

कुणाच्याही घरी असा डमी दिसला तर बटण बंद करा, पाणी गार होऊ द्या, मग तो काढा.

पहिल्यांदा तापवताना

बटण लावण्याआधी गरम नळ उघडा आणि थंड कॉक सोडा. आधी फुसफुस येईल, मग पाणी, मग पुन्हा फुसफुस. धार एकसंध झाली की गीझर भरला. मगच वीज.

गरम नळ बंद ठेवून तापू द्या. १५ लिटर, २ किलोवॅट, २५ वरून ६० अंश, म्हणजे साधारण १८ मिनिटं. नरसाळ्याखाली मापाचा कप धरा. डबा नसेल तर सुरुवातीला काहीच दिसणार नाही, कारण दाब वर चढायला वेळ लागतो. मग थेंब, आणि शेवटी जवळजवळ बारीक धार. ते बरोबर आहे, कारण पाणी जितकं गरम तितकं जोरात वाढतं. कपात दीडशे-दोनशे मिलिलिटर जमलं तर तुमचा हिशोब जुळला. डबा असेल तर कप कोरडा राहायला हवा आणि गेजचा काटा ठरवलेल्या मर्यादेच्या आत थांबायला हवा.

ठिबकतोय, पण कसा

फक्त तापताना ठिबकतो आणि गार झाला की थांबतो: पाणी वाढतंय, व्हॉल्व्ह चांगला आहे. डबा लावलेला असूनही असं सुरू झालं तर डब्याची हवा बघा. डब्याच्या व्हॉल्व्हची सुई दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटला, डबा बदला.

दिवसभर, गार असतानाही ठिबकतो: बैठकीवर कचरा किंवा क्षार, किंवा लाइनीचाच दाब जास्त. वीज बंद करून, पाणी गार झाल्यावर व्हॉल्व्हची कडी दोन-तीनदा उचला, धारेबरोबर कण निघून जातात. पंचगंगेला पूर आला की हे हमखास होतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर टाक्यांत गाळ आला आणि तोच व्हॉल्व्हमध्ये बसला. टाकी धुतल्यावर गाळणी आणि व्हॉल्व्ह दोन्ही धुवा. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी कडी महिन्याला एकदा उचलावी, बाकीच्यांनी तीन महिन्यांनी. कडी उचलूनही थांबत नसेल तर व्हॉल्व्ह बदला, आणि नवा घेताना गीझरच्या पाटीवरचा आकडा बघून घ्या. साडेसहा बारच्या गीझरला आठचा व्हॉल्व्ह लावू नका.

जोरात वाफाळलेलं पाणी येतं: थर्मोस्टॅट गेला. गीझरजवळ जाऊ नका, एमसीबी पाडा, नळ उघडू नका, पूर्ण गार होऊ द्या. मग कंपनीचा माणूस बोलवा.

सोलर असेल तर

बहुतेक घरगुती सोलर उघड्या व्हेंटचे असतात. त्यांच्या टाकीवर हवेची नळी वर गेलेली दिसते. सोलरची गरम लाइन गीझरच्या निळ्या बाजूला जोडतात, म्हणजे सोलरचं पाणी कमी पडलं तर गीझर भर घालतो. इथं मध्ये एनआरव्ही नसेल तर गीझरचं वाढलेलं पाणी सोलरच्या नळीत मागं जातं आणि व्हेंटची सोय आपोआप मिळते. सेफ्टी व्हॉल्व्हचा एनआरव्ही मध्ये असेल तर मिळत नाही, मग ठिबक किंवा डबा आलाच. सोलरकडून ८० अंशांचं पाणी आधीच आत येत असेल तर गीझर तापवून वाढण्यासारखं फार काही उरत नाही. त्रास होतो तो पावसाळ्यात, जेव्हा सोलर थंड पडतं आणि सगळा भार गीझरवर येतो.

प्रेशर पंप अशा सोलरच्या लाइनीवर लावताना तो सोलरच्या टाकीनंतर, गीझरच्या आधी यायला हवा. सोलरच्या टाकीत पंपाचा दाब जाता कामा नये, ती त्यासाठी बनवलेली नसते. पंप मध्ये आला की त्याचा एनआरव्हीही आला, म्हणून गीझरला डबा लावूनच घ्या. आणि पंपाच्या कंपनीला आधी विचारा की तो गरम पाण्यावर चालतो का. थंड पाण्याच्या पंपाचं सील गरम पाण्यात लवकर जातं.